रंजिताचे इंग्रजीचे मास्तर

कणकवलीच्या पुढे, गडनदीच्या काठच्या एका वाडीतून महादेव घाडी चौऱ्याऐंशी साली दुबईला आला तो वायरमन म्हणून. एका टीव्ही चॅनेलच्या इमारतीत वायरिंगचं काम चाललं होतं, तिथे तो वर्षभर शिडीवर होता. एका दुपारी टेप वाजवायचं मशीन अडकलं. इंजिनियर सुट्टीवर, संध्याकाळच्या बातम्या तोंडावर आलेल्या, आणि सगळे साहेब मशीनभोवती हात चोळत उभे. महादेव शिडीवरून उतरला, झाकण उघडलं, आतली गुंतलेली टेप नखाने सोडवली आणि परत शिडीवर जाऊन बसला. पुढच्या महिन्यात चॅनेलने त्याला कंपनीकडून मागून घेतलं. आधी टेपा उचलायला, मग मशीन सांभाळायला, आणि पाच वर्षांनी एडिट रूममध्ये.

तिथलं त्याचं काम असं. परदेशातून आलेला कार्यक्रम दाखवण्याआधी त्यातलं काय काढायचं याची यादी उस्ताद कमाल करायचे. हे सुदानचे, धिप्पाड, हळू बोलणारे गृहस्थ. दारू, चुंबन, देवाधर्माची थट्टा असं जिथे जिथे असेल तिथला मिनिट-सेकंद ते कागदावर लिहून द्यायचे, आणि महादेव तेवढं काढून उरलेलं सांधायचा. बातमीपट किंवा मारामारीचा सिनेमा असला तर हे सोपं. विनोदी मालिका असली की कठीण. कारण त्यात मागे प्रेक्षकांचं हसू असतं. ते हसू मध्येच तुटलं की घरी बसलेल्याला ठेच लागल्यासारखं होतं. महादेव त्याच भागातलं दुसरीकडचं हसू उचलून आणायचा आणि जोडावर असं पसरायचा की कुणाला शंका येऊ नये. उस्ताद कमाल एकदा म्हणाले होते, "महादेव, तू शिंपी व्हायला हवा होतास."

नव्वद साली त्याने बायकोला, रंजिताला, आणि वर्षाच्या मुलीला, मिहिकाला, आणलं. दुबईत भाडं परवडेना, म्हणून उम्म अल कुवैनला खाडीजवळ दोन खोल्या घेतल्या. टेप-लायब्ररी सांभाळणारे हैदराबादचे अलीमियाँ तिथेच राहायचे. त्यांच्या जुन्या गाडीतून दोघे रोज कामाला जात.

रंजिता शाळामास्तरांची मुलगी. बारावीपर्यंत शिकलेली, मराठी अक्षर मोत्यासारखं. पण इंग्रजीचं नाव काढलं की ती विषय बदलायची. मास्तरांनी तिला सगळं शिकवलं, फक्त ती एक भाषा त्यांनाच धड येत नव्हती. उम्म अल कुवैनला आल्यावर पहिली दोन वर्षं ती कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, जाऊन वस्तू बोटाने दाखवायची. हिंदी येत होतं, पण दुकानदार मल्याळी, त्याचं हिंदी तिच्या इंग्रजीच्या वरताण. महादेव सकाळी सहाला जाई तो संध्याकाळी येई. दिवसभर ती आणि मिहिका, आणि खिडकीबाहेर पांढरं ऊन.

मग ब्याण्णव साली चॅनेलने 'हूज अम्ब्रेला?' नावाची एक ब्रिटिश विनोदी मालिका घेतली. समुद्रकाठच्या एका छोट्या रेल्वे स्टेशनावर हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस. त्यात मिस्टर डॉब्स नावाचा म्हातारा कारकून. लोक येतात, छत्री मागतात, कवळी मागतात, एकदा तर एक जण पिंजऱ्यासकट पोपट मागायला येतो. बस, एवढंच. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. शेवटी पाट्या वर सरकायला लागल्या की पहिलं नाव यायचं ते लेखकाचं, वॉल्टर प्रिडी.

महादेवचं इंग्रजीही बेताचंच. पण काम असं की एकेक भाग सात-आठ वेळा बघावा लागे. पहिल्यांदा काही कळायचं नाही, चौथ्यांदा थोडं कळायचं, आणि आठव्यांदा तो एडिट रूममध्ये एकटाच हसत बसलेला असायचा.

एका भागात एक गिऱ्हाईक आपली छत्री मागायला येतं. डॉब्स विचारतो, "वर्णन सांगा." माणूस म्हणतो, "काळी." डॉब्स मागच्या चारशे काळ्या छत्र्यांकडे बघतो आणि म्हणतो, "क्षमा असावी, आणखी काही?" माणूस विचार करून सांगतो, "पाऊस नसला की उघडते."

बुधवारी रात्री आठला तो भाग लागला तेव्हा रंजिता मिहिकाला भरवत होती. सगळे प्रेक्षक हसले. ती हसली नाही. पुढचा प्रसंग सुरू झाला, आणि तेव्हा तिच्या हातातला घास थांबला. "अगंबाई," ती म्हणाली, "पाऊस नसला की उघडते!" आणि मग जी हसायला लागली ती थांबेना. मिहिका घाबरून रडायला लागली तरी थांबेना. महादेवने लग्नानंतर इतक्या वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर बुधवार म्हणजे बुधवार. सातलाच जेवणं आटपायची. ती वही घेऊन बसायची आणि डॉब्सची वाक्यं जशी ऐकू येतील तशी देवनागरीत उतरवायची. दुसऱ्या दिवशी महादेवला अर्थ विचारायची, त्याला येत नसेल तर तो अलीमियाँना विचारून यायचा. वर्षभरात रंजिता बोलायला लागली. पण तिचं इंग्रजी सगळं डॉब्सचं. बकाल्यात जाऊन ती म्हणे, "आय बेग युवर पार्डन, माइट आय ट्रबल यू फॉर सम कोथिंबीर?" दुकानदार इतका चकित झाला की त्याने मूठभर जास्त कोथिंबीर दिली. मिहिकाच्या शाळेतल्या बाईंना पहिल्या भेटीत वाटलं, ही कुठे तरी इंग्लंडमध्ये वाढलेली असणार.

रात्री जेवताना महादेव तिला कापलेलं सांगायचा. यादीत गेलेलं, पडद्यावर न आलेलं. कुणाला सांगायचं नाही अशी तंबी असे, पण बायको म्हणजे 'कुणाला' थोडीच! एकदा त्याने पाद्रीबाबाचा प्रसंग सांगितला. पाद्री येतो, चर्चच्या वाइनची बाटली गाडीत राहिली म्हणतो. डॉब्स शोधून देतो, तर ती रिकामी. "अहो, हरवली तेव्हा भरलेली होती!" पाद्री ओरडतो. डॉब्स नम्रपणे म्हणतो, "हरवली तेव्हा भरलेलीच होती साहेब. पण त्यानंतर ती बऱ्याच जणांना सापडली." महादेव डॉब्ससारखी मान वाकडी करून, घोगऱ्या आवाजात ते म्हणाला. रंजिताला ठसका लागला.

"आणि हे तुम्ही कापलंत?"

"मी काय करू? यादीत होतं."

"मला कळलंसुद्धा नाही कुठे कापलंत ते."

महादेवला यासारखी दुसरी शाबासकी नको होती.

तिने त्याला एकदाच पकडलं. त्या भागात एक म्हातारी बाई दर आठवड्याला येऊन हरवलेला हातमोजा मागत असते. एकच, डाव्या हाताचा. मोजा नसतोच. तिला फक्त कुणाशी तरी बोलायचं असतं. हे डॉब्सच्या लक्षात येतं. तो बाजारातून नवी जोडी आणतो, उजवा लपवतो आणि डावा टेबलावर ठेवून म्हणतो, "क्षमा असावी बाईसाहेब, सापडला." म्हातारी मोजा घालते, तो तिला मोठा होतो, आणि ती डॉब्सच्या गालाचा मुका घेते. तेवढा मुका यादीत होता. महादेवने तिथे हसू जोडलं.

"इथे कापलंत," रंजिता ताडकन म्हणाली. "ती बाई रडायला आली होती. एकदम लोक हसले कसे? तिथे कोण हसेल?"

महादेवने सांगितलं.

"एवढंच? गालाचा? म्हातारीने?" तिने भाताचं भांडं पुढे ओढलं. मग म्हणाली, "ह्या प्रिडीसाहेबाला माणसं कळतात हो. घरी आई असणार त्याची. नाहीतर मावशी तरी." आणि मिहिका बघत असताना, भात वाढायचा डाव हातात धरूनच, तिने महादेवच्या गालाचा मुका घेतला. "घ्या. तुम्ही कापलात, मी लावला." मिहिका टाळ्या वाजवायला लागली. महादेव लाजून उठून गेला तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात तिने पत्र लिहिलं. चार दिवस कच्चं लिहीत होती, पाचव्या दिवशी पक्कं केलं. "टेपच्या डब्यावर कंपनीचा लंडनचा पत्ता असेल ना, तो आणून द्या," म्हणाली होती, आणि महादेवने आणून दिला होता. पोस्टात जाऊन तिने स्वतः तिकीट आणलं. पाकीट बंद करून त्याच्या हातात दिलं. "जाता जाता टाका. आणि मागे आपला पत्ता घातलाय, उत्तर आलं तर."

गाडीत बसल्यावर महादेवने पाकीट उलटं करून पाहिलं आणि मागचा पत्ता पुन्हा वाचला. आपला पत्ता म्हणजे ऑफिसचा पोस्ट बॉक्स. तिथे घरोघरी पोस्टमन येत नाही. ज्याचं जे टपाल असेल ते नोकरीच्या जागी. गावची पत्रंसुद्धा तिथेच यायची. पण गावचं पत्र वेगळं. लंडनच्या कंपनीचा शिक्का असलेलं पाकीट महादेव घाडीच्या नावाने आलं, तर ते आधी वरच्या टेबलावर उघडलं जाणार. एडिटरचा लंडनशी काय संबंध? आत काय लिहिलंय? महिन्यापूर्वीच एका कॅमेरामनला, टेप घरी नेली म्हणून, आठवड्याच्या आत विमानात बसवलं होतं. महादेवचा व्हिसा नोकरीवर, आणि रंजिता-मिहिकाचा व्हिसा महादेववर. एक धागा ओढला की सगळं उसवणार.

पोस्टाची पेटी आली. अलीमियाँनी गाडी हळू केली. "डालना है ना?"

"कल डालूंगा," महादेव म्हणाला.

तो उद्या आलाच नाही. पाकीट त्याच्या खणात, रिकाम्या डब्यांच्या खाली गेलं. संध्याकाळी रंजिताने दारातच विचारलं, "टाकलंत?"

"टाकलं," तो म्हणाला.

खोटं बोलणं किती सोपं असतं! निस्तरायला मात्र आयुष्य पुरत नाही. पहिले दोन महिने ती रोज विचारायची, "काही आलं?" मग आठवड्याने. मग सणासुदीला, सहज बोलल्यासारखं. आणि त्याच्यावर रागावण्याऐवजी ती त्या साहेबाचीच बाजू घ्यायची. "एवढ्या लोकांची पत्रं येत असतील, कुणाकुणाला लिहील?" नाहीतर, "माझ्या चुका बघून कपाळाला हात लावला असेल बिचाऱ्याने." प्रत्येक वेळी महादेव ठरवायचा, आज सांगू. प्रत्येक वेळी त्याला तिचा चेहरा दिसायचा, आणि तो म्हणायचा, "येईल गं, इन्शाल्ला."

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात ती गावी जाऊन आली तीच थकून. जिना चढताना दम लागायचा, अंगावर निळे डाग उठायचे. दुबईच्या हॉस्पिटलात रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी महादेवला वेगळं बोलावलं. रक्ताचा कर्करोग. पुढचे सात महिने तो कामावरून थेट हॉस्पिटलात जाई आणि मिहिका शेजारच्या विभावरीताईंकडे राही.

रंजिता तिथेही डॉब्सचंच इंग्रजी बोलायची. जैनब नावाची एक केरळी नर्स होती, तिला ती म्हणे, "क्षमा असावी सिस्टर, आपल्याला थोडी तसदी देऊ का, पाणी हवं होतं." जैनब बाहेर येऊन डोळे पुसायची. महादेवला म्हणाली, "भाई, सगळे पेशंट आमच्यावर ओरडतात. ही माफी मागते."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती जरा बरी होती. उशाला टेकून बसली होती. म्हणाली, "अहो, त्या प्रिडीसाहेबाला माझं पत्र पोचलं तर असेल ना?"

महादेव संत्रं सोलत होता. त्याने मान वर केली नाही. "पोचलं असेल."

"मग झालं. उत्तर नाही आलं तरी चालेल. वाचलं असलं म्हणजे पुरे."

त्या दिवशी तो हॉस्पिटलातून परत ऑफिसात गेला. खण उघडला, पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आता टाकावं? पोचायला आठवडा, उत्तर यायला महिना. महिना कुणाकडे होता? मग त्याने ठरवलं, उद्या तिला सांगायचं. पाय धरायचे आणि सांगायचं. दुसऱ्या दिवशी तो पोचला तेव्हा तिच्या नाकाला नळी होती आणि डोळे मिटलेले. तीन दिवस ते मिटलेलेच राहिले. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. छत्तीस वर्षांची होती.

दुबईच्या स्मशानात महादेवने अग्नी दिला. मराठी मंडळातले चार लोक होते, अलीमियाँ होते, उस्ताद कमाल फाटकापाशी मान खाली घालून उभे होते. महादेव रडला नाही. तेराव्यालाही नाही. पंधराव्या दिवशी तो मशीनसमोर बसला. लोक म्हणाले, माणूस धीराचा आहे. पोरीसाठी घट्ट राहिला. त्याला मात्र रडायचा हक्कच वाटत नव्हता. ज्याने तिला चार वर्षं वाट बघायला लावली, त्याने कुठल्या तोंडाने रडायचं?

मिहिका नऊ वर्षांची होती. ती दहाची झाली, अकराची झाली. बाप तिचा डबा भरायचा, वेण्या घालायला शिकला, शाळेच्या बसपर्यंत सोडायचा. आईविषयी दोघं बोलत नसत. बुधवारचा टीव्ही बंद झाला. मालिकाही तोवर संपली होती.

आणि मग दोन हजार दोनच्या जानेवारीत उस्ताद कमाल एक छापील कागद हातात घेऊन एडिट रूममध्ये आले. "महादेव, वॉल्टर प्रिडी वारले. एक्याऐंशी वर्षांचे होते. आपल्याकडे अजून लोक आठवण काढतात. अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा आहे, त्यांच्या उत्तम प्रसंगांचा. तुझ्याइतकी ती मालिका कुणाला पाठ आहे? तूच निवड."

लंडनहून कुरियरने सहा भागांच्या टेपा आल्या, जशाच्या तशा, अखंड. सकाळी दहाला अलीमियाँ त्या घेऊन आले आणि बघायला म्हणून तिथेच स्टूल ओढून बसले. छत्रीवाला आला, पोपटवाला आला. अलीमियाँ मांडीवर थाप मारून हसत होते. महादेव वेळ टिपून घेत होता, चेहरा नेहमीसारखा.

चौथ्या टेपेत ती म्हातारी आली. डॉब्सने मोजा ठेवला. तिने हातात घातला. मोठा होत होता. महादेवचा हात सवयीने बटणाकडे गेला, कारण पुढचं त्याने दहा वर्षांपूर्वी कापलं होतं. पण हे मूळचं होतं. म्हातारी वाकली, तिने मुका घेतला, आणि मागे प्रेक्षकांपैकी कुणीही हसलं नाही. शेदोनशे माणसं एकदम गप्प होती.

रंजिताने विचारलं होतं, तिथे कोण हसेल?

महादेवने डोकं मशीनवर टेकलं आणि तो रडायला लागला. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग गुरासारखा हंबरला. बाहेरून माणसं धावत आली. अलीमियाँनी त्याला पाठीमागून मिठी मारली. "बस मियाँ, बस. इतनी मोहब्बत थी आपको उस गोरे से?"

 महादेवने नुसती मान हलवली. ऑफिसभर झालं की महादेव लंडनच्या लेखकासाठी धाय मोकलून रडला. कुणी पाणी आणलं, कुणी पाठ थोपटली. उस्ताद कमाल दारात उभे होते.  सगळे गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "बायकोला आवडायची ना ही मालिका?"

"हो उस्ताद."

"तो मुका राहू दे आत," उस्ताद कमाल म्हणाले. "काय होईल ते मी बघतो. खलास, विषय संपला."

कार्यक्रम बुधवारी लागला. महादेवने तीन वर्षांनी घरचा टीव्ही त्या वेळेला लावला. मिहिका आता बाराची झाली होती. गृहपाठ घेऊन बसली होती ती वही बाजूला ठेवून बघत राहिली. संपल्यावर म्हणाली, "आई यूज्ड टु टॉक लाइक हिम." आणि मग, "डिड ही एव्हर राइट बॅक टु हर?"

महादेवला माहीतच नव्हतं की पोरीला ते पत्र आठवतंय. पत्र लिहिलं तेव्हा ती सहा वर्षांची होती.

त्याने सकाळीच खणातून आणलेलं पाकीट शर्टाच्या खिशातून काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. तिकीट पिवळं पडलं होतं. मिहिकाने आधी पाकिटाकडे पाहिलं, मग बापाकडे.

"टाकलंच नाही मी," तो म्हणाला. "भ्यालो. नोकरी जाईल म्हणून भ्यालो. तिला खोटं सांगितलं. मग सांगायचं म्हटलं, पण माका जमला नाय."

मिहिका उठून उभी राहिली. "बाबा, शी वेटेड. फोर इयर्स शी वेटेड!"

"होय."

"यू लेट हर वेट."

"होय गं."

पाकीट सात वर्षांत त्याने उघडलं नव्हतं. पत्र त्याचं नव्हतं. मिहिकाने ते उघडलं आणि मोठ्याने वाचलं. पत्र इंग्रजीत होतं, डॉब्सच्या इंग्रजीत. मराठीत आणलं तर ते असं होतं:

'प्रिय मिस्टर प्रिडी, क्षमा असावी, आपण मला ओळखत नाही. मी आपली विद्यार्थिनी आहे. माझं वय बत्तीस. या देशात आले तेव्हा दोन वर्षं मी दुकानात बोटाने सामान दाखवत होते. मिस्टर डॉब्सनी मला बोलायला शिकवलं. माझे वडील मास्तर आहेत. त्यांना मी कळवलं आहे की मला इंग्रजीचे मास्तर मिळाले, पण ते मला बघू शकत नाहीत.

'आता एक गोष्ट सांगते, कृपा करून रागावू नका. इथे आपला कार्यक्रम थोडा कापून दाखवतात. कापणारा माणूस माझा नवरा आहे. तो फार हलक्या हाताने कापतो, आणि जे कापतो ते घरी आणून मला सगळं सांगतो, मिस्टर डॉब्सचा आवाज काढून. तेव्हा आपलं काहीही वाया गेलेलं नाही. त्याला वाटतं मी आपल्या विनोदाला हसते. पुष्कळदा मी त्यालाच हसत असते. त्याला सांगू नका. तो लाजेल आणि बंद करेल.

'आपल्याला कामं असतील. उत्तराची तसदी घेऊ नये. आपली आज्ञाधारक, रंजिता महादेव घाडी.'

मिहिकाने शेवटची ओळ दोनदा वाचली. संपल्यावर तिने पत्र घडीवर घडी घालून पाकिटात ठेवलं, आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. महादेव बसल्या जागी बसून राहिला. त्याची भीती खोटी नव्हती. हे पत्र कुणी वर उघडलं असतं तर नोकरी खरंच गेली असती. पण ते त्याला त्या क्षणी कितीसं उपयोगाचं होतं?

आठवडाभर मिहिका त्याच्याशी बोलली नाही. डबा न्यायची, आणून ठेवायची. शुक्रवारी दुपारी तो तांदूळ निवडत होता, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आणि तीन वर्षांत जे विचारलं नव्हतं ते तिने विचारलं, आणि या वेळी मराठीत. "बाबा, आईला शेवटी खूप दुखत होतं का?"

महादेवने ताट खाली ठेवलं. यात आता काही कापायचं नाही, असं त्याने मनाशी म्हटलं. "दुखत होतं," तो म्हणाला. "पहिले महिने फार. शेवटचे चार दिवस नाही. झोपेतच होती."

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"रोज. तू जेवलीस का, वेणी कुणी घातली, इंग्रजीत किती मार्क पडले. इंग्रजीचे मार्क आधी."

मिहिका खाली फरशीवर बसली, त्याच्या शेजारी. दोघेही रडले. अन्न शिजायचं राहिलं ते राहिलंच.

महादेवने पुढे आणखी सहा वर्षं त्याच चॅनेलवर काम केलं. मिहिका कॉलेजसाठी पुण्याला गेली तेव्हा ते पत्र स्वतःबरोबर घेऊन गेली. त्याने मागितलं नाही. मधल्या वर्षांत तिचा राग पूर्ण गेला असं झालं नाही. जेवताना चांगलं हसत बोलत असायची, आणि एकदम तिचा चेहरा बदलायचा.

"आय ॲम स्टिल अँग्री, बाबा," ती म्हणायची.

"रागावलेली अस बाय," महादेव म्हणायचा आणि तिच्या पानात आणखी भात वाढायचा.